तासांवर

पहाटे पावणेपाचला फोन: येतेस का?
रोझलिन येते. नाही म्हणणाऱ्याला
पुढच्या खेपेला कोणी विचारत नाही.

ईरीच्या सरोवरावरून आलेला बर्फ
गाडीच्या काचेवरून खरवडायची पंधरा मिनिटं
कुणाच्याच हिशेबात नसतात.

तासाला अडुसष्ट डॉलर. ऐकणारा म्हणतो, अबब.
त्यात रजा नाही, विमा नाही,
डावीकडची दाढ दोन महिने
लवंगेच्या तेलावर ढकललेली.
लॉकरवर नावाची चिकटपट्टी,
तिच्याखाली आधीच्या कुणाचीतरी,
अर्धवट निघालेली.

साडेदहाला सुपरवायझर दारातूनच:
आज खाटा रिकाम्यात गं, तू निघ.

तिनं कार्ड पंच केलं.
मग कोट मांडीवर घेऊन
परत फोनशीच बसली.

चौथ्या मजल्यावरच्या श्री. डॅब्रोव्स्कींच्या
किडन्यांना न झेपणारा डोस
तिनं सकाळपासून अडवून धरलाय,
आणि डॉक्टर अजून ऑपरेशनमध्ये.

चाळीस मिनिटं.
फोन आला. आकडा निम्म्यावर आला.
'बरं झालं सांगितलंत. नाव काय म्हणालात?'
तिनं सांगितलं. तिकडून ठेवलाही होता.

बाहेर गाडी पुन्हा पांढरी.
खरवडता खरवडता
दाढ ठणकली.