डाख

डंडीच्या चर्चमागच्या हॉलमध्ये दर शनिवारी
आम्ही मेलेले कॉम्प्युटर उठवतो.
बँकेची शाखा बंद पडली की तिथले काळे डबे इथे येतात,
चार बोटं जाड, ना पंखा ना आवाज,
पोटात कुणाकुणाच्या कर्जाचे हप्ते.
ते आम्ही पुसतो. पेंग्विनवाली फुकट प्रणाली घालतो.
पंचवीस पौंड. स्क्रीन हवा तर वर दहा.
माउस ज्याचा त्याने टोपलीतून शोधावा.

सेंगा आली तेव्हा टे नदीवरून आडवा वारा सुटलेला.
ओला कोट खुर्चीला, आणि उभ्याउभ्याच हिशेब:
घरात लॅपटॉप एक. लेक रात्रपाळीला तो मांडीवर घेऊन
लोकांच्या हरवलेल्या पार्सलांबद्दल माफी मागते.
सकाळी तोच स्ट्रुअनला हवा, परीक्षा आहे.
व्हारी बाथरूममध्ये बसून फोनवर निबंध लिहिते, अंगठ्याने,
"आणि तिच्या वाक्यांना आता पूर्णविराम उरलेला नाही.
नवा घ्यायचा तर जूनपर्यंत हीटर बंद."

वहीत मी तिचं नाव लिहिलं.
इंग्रजीत ॲग्नेस उलटी वाचली की सेंगा होते, ती म्हणाली,
आजीचं नाव जसंच्या तसं ठेवायचा
आईला कंटाळा आला असणार.

मी एक डबा जोडून दाखवला.
माझ्या भाषणाच्या ऐन मध्यात तो विझला.
पुन्हा लावला. पुन्हा तेच.
म्हटलं, जुना आहे, दुसरा बघू.
तिने चष्मा कपाळावरून खाली ओढला.
"उघड."

तांदळातला खडा शोधावा तशी
ती हिरव्या पाटीवर वाकली.
"हा बघ. इथला डाख फुटलाय. केसाएवढी चीर."
मला भिंगातूनही दिसेना.
माझ्या हातातली तापलेली सळई तिने काढून घेतली,
न विचारता,
आपलीच पळी शेजारणीकडून परत घ्यावी तशी.
"एक, दोन, तीन. चौथ्याला उचल. पाचव्याला जळतं."
धुराची एक बारीक रेघ,
आणि चिरेच्या जागी चकाकणारा थेंब.

त्र्याऐंशी साली ती एकोणीस वर्षांची होती.
गावच्या घड्याळांच्या कारखान्यात
रबरी बटणांचे छोटे कॉम्प्युटर जोडायची.
बायकांची लांबच लांब रांग,
बारीक बोटं लागतात, साहेब म्हणायचे.
देशभरच्या पोरांचा नाताळ त्या बोटांखालून जायचा.
"घरी? छे. आमच्याकडे टीव्हीसुद्धा भाड्याचा.
त्याला जोडणार काय!"
ती हसली. मग बराच वेळ
सळई ओल्या स्पंजवर पुसत राहिली.
पुढे संप झाला, फाटकाला कुलूप लागलं,
आणि ती बोटं शाळेच्या कँटीनमध्ये बटाटे सोलू लागली.

पैसे नकोत म्हटलं तर डोळे वटारले.
"दुरुस्तीचे पाच कापून घे. फुकट नको."
वीस पौंड, त्यातले सहा चिल्लर.
डबा कोटाच्या आत, छातीशी धरून
ती बस स्टॉपकडे गेली.

फेब्रुवारीत मेसेज: व्हारी म्हणते डबा हळू चालतो.
मी म्हटलं, तूही.
पूर्णविराम परत आलेत.

मार्चमध्ये पुन्हा तोच ओला कोट.
मोजून पंचवीस पौंड टेबलावर.
"आता दोन आहेत ना घरात?"
"आहेत. लॅपटॉप लेकीचा, डबा पोरांचा."
मी पुढचं ऐकायला थांबलो.
दाराशी वाऱ्याची खटपट चालली होती.
"हा माझा," ती म्हणाली,
आणि टोपलीतला एकेक माउस उचलून
पालथा करून बघू लागली,
मागे माणसं खोळंबली होती तरी
कसलीच घाई नसल्यासारखी.