फळ्यावर सहा ओळी

बाळीवेशीच्या अलीकडे, वाचनालयाच्या दारात
जो काळा फळा आहे
त्यावर सहाच ओळी मावतात.
सातवी लिहिली तर सायकल टेकवणारे
तिला गुडघ्यानं पुसतात.

बत्तीस वर्षं राजमल्लू दुडम यांनी लिहिला,
यंत्रमागाची रातपाळी उरकून, कानात खडखडाट घेऊन.
आता मी.
पगार नाही. खडू संस्थेचा, ओलं फडकं माझं.

वही त्यांचीच. तीनशे सहासष्ट पानं.
एकोणतीस फेब्रुवारीच्या पानावर धोब्याचा हिशोब.
"चार वर्षांतनं एकदा लागतं की ओ ते पान,
तवर शर्टं तरी मोजू."

आज बारा जानेवारी.
सिंदखेडला मुलगी झाली. एक ओळ.
कलकत्त्याला मुलगा. एक ओळ.
हैतीत जमीन हलली;
गेलेल्यांचा आकडा वहीत तीनदा खोडलेला,
म्हणून नुसतं "असंख्य". एक ओळ.
आणि येरवड्यात आपल्या गावचे चौघे, फासावर.
इथं दोन ओळी.
चार आडनावं, चार पेठा, चार तऱ्हेचे नमस्कार
एका ओळीत कोंबायचे तर अक्षर बारीक करावं लागतं.
राजमल्लूंनी ते कधीच केलं नाही.

सहावी ओळ रिकामी.
वहीतही रिकामी. बोट फिरवून पाहिलं,
पेन्सिलीचा वळसुद्धा नाही.

शाळेला उशीर झालेला एक पोरगा
दप्तर पोटावर घेऊन वाचत उभा.
"हे सगळे एकमेकांला ओळखायचे का, काका?"
नाही रे.
तारीख म्हणजे यष्टी स्टँडवरचा बाक.
कोण कधी बसलं, कोण कुठं उतरलं,
बाकाला काय त्याचं.
ताणाबाणा वगैरे म्हणालो असतो,
पण राजमल्लूंना ती उपमा चालायची नाही.
"मागावर उभं राहून बघ एकदा," म्हणायचे,
"मग बोल."

तो सोमवार होता, एकतीस सालचा.
सिद्धरामाचा वार.
त्या वर्षी गड्डा भरला का, पाळणे फिरले का,
अडुसष्ट लिंगांना तेल कुणी घातलं,
वहीत काही नाही.
मी एकदा विचारलं होतं.
राजमल्लू चष्मा पुसत राहिले, मग म्हणाले,
बाप माझा आठ वर्षांचा.
त्याला एवढंच आठवायचं की
त्या दिवशी गल्लीत एकाही घरातनं धूर निघाला नाही
आणि हा भुकेनं रडला म्हणून
आईनं त्याला मारलं,
मग स्वतःच रडली.
कशासाठी ते त्याला
मिशा फुटल्यावर कळलं.

"मग हे लिहू या की सहाव्या ओळीत."
"नको."
"मग रिकामी का ठेवता?"
"दिवस अजून संपलाय का?"

दुपारनंतर रस्ता पांढरा झाला.
बाराबंदी, धोतर, कमरेला पट्टा,
आणि माणसांच्या डोक्यांवरून डोलत जाणारे नंदीध्वज.
देवाचं गणित सूर्यावर, माझं इंग्रजी तारखेवर;
संक्रांत पुढंमागं सरकते, फळा सरकत नाही.
यंदा दोघं एकाच चौकात आले.
गर्दी फळ्याला घासत गेली.
कुणी वाचलं असेल, कुणी नसेल.
एक बाई विडीची टोपली काखेत घेऊन थांबली,
तिला तेलुगू वाचता येतं, हे नाही.
तिनं चौघांच्या ओळींना हात जोडले,
बरोबर त्याच दोन ओळींना.
कशा ओळखल्या, मी विचारलं नाही.

रात्री साडेआठला कुलूप लावलं.
सहाव्या ओळीच्या जागी कुणाचातरी पंजा.
तेलाचा. लहान मुलाचा असावा, किंवा
घाईत टेकलेला मोठा.

सकाळी फडकं मारलं. पाच ओळी गेल्या.
पंजा निघेना. राख लावली, सोडा लावला.
शेवटी तेरा जानेवारी त्याच्यावरच लिहिला.
तेवढ्या जागी खडू धरला नाही.