तडतड

हिंगण्याच्या लॅबमध्ये माझ्याकडे येतं ते परक्यांचं तेल :
उमरेडच्या खाणीतले डंपर, शहर बसा,
कुठल्याशा राइस मिलचा जनरेटर.
काळं, बाटलीच्या गळ्याशी ओघळलेलं.
मी ते ठिणगीत जाळते
आणि उजेडाच्या रंगावरून यंत्र सांगतं
लोखंड इतकं, तांबं इतकं,
म्हणजे सिलिंडर घासतोय, म्हणजे बुश चालला.
इंजिनचा एक बोल्ट न उघडता.

जानेवारीत हंसराजभाऊची मोटरसायकल
गड्डीगोदामला इस्राईल मिस्त्रीकडे टाकली,
तेव्हा खोकल्याच्या औषधाची बाटली धुऊन, वाळवून नेली.
मिस्त्रीनं दोन बोटांत थेंब घासला, हुंगला.
"पेट्रोल उतरून राहिलं ताई तेलात," म्हणाला,
पुढं काही बोलला नाही.
भाऊ म्हणाला, "कायले करतं व तपासनी?
अठरा वर्षं झाली गाडीले. रोज बुटीबोरी जाते, येते.
अजून काय पाह्यजे?"

किलोमीटरची केबल तुटलेली आहे.
आकडा चार वर्षांपासून एकाच जागी,
फॉर्मवरचा तो रकाना मी कोरा सोडला.

लोखंड नऊ. तांबं दोन.
सिलिकॉन, म्हणजे धूळ, तीन.
तीन?
वर्धा रोडची धूळ मला ठाऊक आहे,
खापरीच्या पुढं ट्रक उडवतात ती,
ओढणीतून, दातांत, डब्याच्या झाकणावर.
रोज साठ किलोमीटर गेलेल्या तेलात
तीन येत नाही.
झीज नाही. कुठंच नाही.
इतका चांगला रिपोर्ट मी कुणालाच दिलेला नाही
आणि हात गार पडले.

चिकटपणा चौदाच्या जागी साडेनऊ.
पेट्रोल सहा टक्के.
मग तापलेल्या पत्र्यावर एक थेंब.
कोरडं तेल गुपचूप पसरतं.
पाणी असेल तर फोडणीतल्या मोहरीसारखं

तडतडलं.

पाणी थंड इंजिनात धरतं.
चोक ओढून सुरू केलेल्या,
तापायच्या आत बंद केलेल्या.
लांब जाणारं इंजिन आपलं पाणी आपण वाफ करून टाकतं.
हे जाणाऱ्याचं इंजिन नाही.
दीड किलोमीटर. फार तर दोन.

सकाळी सातला डबा. आलू-वांगं, चार पोळ्या.
वहिनी फाटकापर्यंत येते.
"शिफ्ट सुटली का फोन करा जी."
इंदोऱ्यापासून दीड किलोमीटरवर काय काय आहे
ते मी बसमध्ये बसून मोजत गेले :
वाचनालय. कपिलनगरचं मैदान. जरीपटक्याचा बाजार,
जो अकराशिवाय उघडत नाही.
सात ते अकरा माणूस कुठं उभा राहतो, थंडीत,
हेल्मेट न काढता?

फॉर्मच्या तळाशी 'शिफारस' असते.
खाणवाल्यांना मी लिहिते, यंत्र ताबडतोब थांबवा.
हे थांबलेलंच आहे.

रविवारी म्हटलं, भाऊ, मले रामटेकले ने.
"बसनं जा ना."
बसनं नाही.
कामठीपर्यंत दोघंही गप्प, गाडी खोकत होती.
कन्हानच्या पुलावर आवाज बदलला, भरीव झाला.
मागच्या सीटवरून मला त्याचे खांदे दिसत होते,
तेही जरा खाली आले.

मनसरला चहा.
बशीत ओतून, फुंकर न घालता, तो म्हणाला,
"नोव्हेंबरपासून."
मी म्हटलं, हो.
"कोन सांगतलं? इस्राईल?"
मी गाडीकडं बोट केलं.
त्यानं तिच्याकडं असं पाहिलं
जसं घरातलं कुणी फितूर निघावं.
मग उठून टाकीवर हात ठेवला,
इंजिनजवळ नेला, झटक्यात मागं घेतला.
"तापली व चांगली," म्हणाला.

वहिनीला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.
नवीन तेल टाकलंय. दुसरी बाटली धुऊन ठेवली आहे,
त्यावर तारीख,
आणि किलोमीटरच्या रकान्यात, पेन्सिलीनं, शहाण्णव.