टाकी

माझ्याकडे बारा हजार स्नेअर आहेत.
हार्ड डिस्कवर, नीट नावं दिलेले:
कोरडा, ओला, लाकडी, पितळी,
अठ्ठ्याहत्तरचा, त्र्याऐंशीचा.
एकही नको आहे.

हवा आहे तो एकच टप्पा
जो तुर्भ्याच्या भंगारवाल्याकडून
वीस रुपयांत आणलेल्या कॅसेटवर,
बी बाजूला, तिसऱ्या गाण्यात,
नवरीला हळद लागताना पडतो
आणि पडल्यावर लगेच मरत नाही.
उठून बसतो, भिंत चाचपतो, फिरतो,
पुढचा टप्पा दाराशी आला
की नाइलाजाने जागा देतो.

नक्कल करून पाहिली.
न्हाणीघरात स्पीकर ठेवला, दाराबाहेर माइक.
जिन्यात ड्रम वाजवला रात्री अकराला,
तर तळमजल्याचे कुरियन काका
बनियनवर वर आले आणि काही न बोलता
माझ्याकडे बघत उभे राहिले.
प्रोग्रामात जुनेपणाचंही बटण असतं.
ते फिरवलं की नुसती खरखर येते,
शाळेच्या नाटकात
कापसाची दाढी लावून खोकणाऱ्या पोरासारखी.

कव्हरवरची शाई ओघळलेली.
बँजो पार्टी, गोठिवली. ड्रम: जोमा म.
म म्हणजे म्हात्रे, मोकल, की मढवी?
तीन रविवार.
म्हात्र्यांकडे चहा झाला,
मोकलांकडे साखरपुड्याचं आमंत्रण मिळालं,
मढव्यांकडे जोमा मिळाला:
चार मजली घराच्या ओट्यावर,
खाली मोबाइलचं दुकान, वर भाडेकरू,
आणि प्लास्टिकच्या खुर्चीच्या हातावर
दोन बोटं, आपल्याच नादात.

हेडफोन लावून दिला.
त्यांनी डावा कान मोकळा ठेवला,
गल्ली ऐकू यावी म्हणून.
तिसऱ्या गाण्याला हसले.

"ह्यो आवाज माजा नय, पोरा.
ह्यो टाकीचा हाय."

चौऱ्याऐंशी साल. सेक्टरांना आकडे होते,
माणसं यायची होती.
सिडकोची उंच टाकी बांधून तयार,
पाणी दीड वर्ष लांब.
जोमा तिथे रात्रपाळीचा वॉचमन.
एकेक ड्रम दोराने वर ओढला,
झाकणातून आत सोडला.
बँजोवाला आत उतरेना,
काळोख बघून आईला हाका मारायला लागला,
म्हणून बँजो मागाहून घरी भरला, वेगळा.
(मी हे गाणं शंभरदा ऐकलंय.
बँजो दुसऱ्या खोलीत आहे
हे मला कळायला हवं होतं.)

"आतमदी बोललास ना,
तं तुजाच आवाज पाठून तुला हाक मारायचा."

सुनेने तांब्या आणून ठेवला.
त्याच टाकीचं पाणी.
घोट तोंडात धरून म्हणावंसं वाटलं,
प्यायलो, तो आवाज प्यायलो.
खोटं आहे. क्लोरीन लागत होतं.

निघताना म्हणाले,
"वरसातना एकदा धुतात. पानी कारतात सगलां."

आज सोसायटीच्या फळ्यावर खडूने:
गुरुवारी टाकीची सफाई. पाणी येणार नाही.
सर्वांनी आपापले ड्रम भरून ठेवावेत.

संध्याकाळपासून मजल्यामजल्यावर
निळ्या पिंपांत नळ्या पडल्यात,
भरतील तसा आवाज चढत चाललाय,
प्रत्येक घराचा वेगळ्या पट्टीत.
मी मात्र माझा चौदा इंची रिकामाच
मांडीवर घेऊन बसलोय,
कातडं अर्धा आटा सैल करत,
पुन्हा पाव आटा कसत.

जोमाकाकांना फोन केला.
गुडघे शिडी चढणार नाहीत, खाली उभे राहतील.
वॉल्व्हमन घरत आधी नाहीच म्हणाला.
मग म्हणाला, दहा मिनिटं देतो.
आणि पाय साबणाने धुऊन ये.
लोक पितात ते.