इ. धकाते यांच्याकडे उघडी

मे महिना. तांडापेठेतल्या एका माडीवर
कूलर ओल्या गवतातून वारा ओढतो
आणि मी विणकर सोसायटीच्या पिवळ्या पडलेल्या डब्यातून
सत्त्याण्णव सालची सभासद-यादी.

फाईल म्हणते:
इ. धकाते संपादन करीत आहेत. तुम्ही फक्त वाचू शकता.

इ. धकाते दोन हजार चारला निवृत्त झाल्या.
शेवटच्या दुपारी लाईन गेली असणार,
स्क्रीन काळा झाला, बाई डबा उचलून घरी गेल्या
आणि नाव इथंच राहिलं,
एकशे बासष्ट बाइटांच्या एका लपलेल्या फाईलीत,
खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरावी तसं.

ते मी पुसलं.
पुसताना उगाच म्हणालो, बाई, उठा.

आत दुसरं कुलूप. पासवर्ड.
सचिव निनावे मागून म्हणाले,
"तोडून टाक ना बे, पाच मिनिटाचं काम हाय म्हणते."
आहे खरं. त्या काळची कुलपं पत्र्याची,
हत्यार माझ्या पेनड्राइव्हमध्येच आहे.
मी बाईंचा नंबर मागितला.

नंदनवनात गच्चीवर बाई कुरड्या उलटत होत्या.
"यादी ना? कुलूप मीच लावलं होतं.
चोरासाठी नाही, तेव्हाच्या अध्यक्षासाठी.
मेलेल्या विणकरांची नावं काढून राहिला होता तो,
बायकांना भाग द्यावा लागू नये म्हणून.
म्हटलं, उघडून तर दाखव बाप्पा."
मग नुसता वारा ऐकू आला, बराच वेळ.
"बाबांच्या मागाची फणी बहात्तरची होती.
बहात्तर टाक. दोनदा."

उघडली. आत मराठी नव्हतीच.
डॉलर, उलटे कंस, टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं:
जुन्या फॉन्टाच्या पोटात लपवलेली भाषा,
फॉन्ट गेला आणि ती उघडी पडली, कचऱ्यासारखी.

तेव्हा ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकत,
डोळ्यांना दिसते तशी.
आता आधी अक्षर, मग वेलांटी, जिभेवर येते तशी.
रात्रभर मी नियम लिहीत बसलो:
वेलांटी उचल, एक अक्षर ओलांड, ठेव.
जोडाक्षर असेल तर पूर्ण ओलांड,
मध्ये पाय देऊ नको.
रफाराचं उलटं, त्याला मागे न्यायचं.
दोनदा सगळं बिघडलं. एकदा सगळ्यांची आडनावं
एकमेकांत मिसळली, आणि मी घाबरलो,
जणू खरंच कुणाचं घर कुणाला गेलं.

पहाटे अडीचला पहिली बाहेर आली:
विठा नंदनवार.
मग गिरजा. मग लागोपाठ, धागा सापडल्यासारख्या.

एकेचाळीस विधवा. चाळीस वाचता आल्या.
एक अडली:
ब, मग रिकामा चौकोन, मग णपुरे.

सकाळी पुन्हा फोन.
"बऱ्हाणपुरे," बाई म्हणाल्या. "सुगंधा.
किनार काय विणायची!
पाचपावलीत आहे अजून. तिलाच विचार ना."

तक्त्यात एक ओळ वाढवली, त्या एका जोडाक्षरासाठी.
जुनी फाईल तशीच ठेवली, हात न लावता,
तिच्या बहात्तर-बहात्तरसकट.
नव्या प्रोग्रॅममध्ये
"ही फाईल दुसऱ्या कुणी उघडली आहे" च्या खाली
एक जास्तीचं बटण टाकलं:
त्यांना विचारा.

निनावे चष्मा वर करून बघत राहिले.
"हे दाबलं तर काय होते?"

फोन नंबर दिसते, म्हटलं. बस.