बरोबरची खूण

फेब्रुवारीत बाबाने कॉफीचा मग बाजूला सारला
आणि फॉर्मवर दोन नावांपुढे बरोबरची खूण केली:
थॅडकाका, आणि मी.
आश्रित, एकूण दोन.
तेव्हा त्या शब्दाला काही वजन नव्हतं.
परताव्यात हजार डॉलर वाढले,
त्यात गाडीचे मागचे दोन टायर आले.

एप्रिलमध्ये सरकारने पैसे वाटले.
तोवर ईरी गाव मिटून बसलं होतं.
मी भांडी विसळायचे ते हॉटेल बंद,
कॉलेज लॅपटॉपात शिरलेलं,
सरोवरावरचा बर्फ तेवढा वेळेवर वितळला.
बाबाच्या खात्यात बाराशे.
शेजारी डोनोव्हनांकडे नवऱ्याचे बाराशे, बायकोचे बाराशे,
शिवाय धाकट्या ओवेनचे पाचशे.
ओवेन सोळाचा, अजून आमच्या खिडकीवर चेंडू मारतो.
माझं शून्य.
काकाचं शून्य.

फोन कोणी उचलत नव्हतं, म्हणून मी नियम वाचला.
दोनदा वाचला, मग काकाला मोठ्याने वाचून दाखवला.
सतराच्या आत असाल तर मूल, पाचशे.
कोणाचेच नसाल तर माणूस, बाराशे.
सतरा उलटूनही कोणाचे तरी असाल,
तर
तिथे काहीच लिहिलेलं नाही.

काका हसला, अर्ध्या तोंडाने, तेवढंच हसता येतं त्याला.
डावा हात मांडीवर पडलेला,
दुसऱ्या कोणीतरी सांभाळायला दिल्यासारखा.
सेहेचाळिसाव्या वर्षी प्रेसवर उभा असताना झटका आला,
अपंगत्वाची फाइल दोन वर्षं कुठल्याशा टेबलावर आहे.
म्हणाला, कोरिन,
मी मूल नाही आणि माणूसही नाही,
मग ही दाढी नक्की कोणाची वाढते आहे?

बाबा पहाटे कारखान्यात जातो, काकाला मी उठवते.
रात्री बाबाचं घोरणं मधेच थांबतं,
श्वासही थांबतो,
तेव्हा काका चांगल्या हाताने भिंतीवर दोनदा ठोकतो
आणि बाबा पुन्हा सुरू होतो.
कोण कोणाच्या आधाराने आहे,
हे विचारणारा रकाना फॉर्मवर मला सापडला नाही.

इमानीला मिळाले बाराशे.
माझ्याच वर्गातली, माझ्याच वयाची,
माझ्याशेजारी उभी राहून तीच ताटं पुसणारी.
मी म्हटलं, नशीबवान आहेस.
फोनवर ती बराच वेळ गप्प राहिली.
मग म्हणाली, सहा घरांत वाढले मी,
त्यातल्या एकानेही कधी माझं नाव
स्वतःच्या नावाखाली लिहिलं नाही.

हे ऐकूनही त्या रात्री मी बाबाला बोललेच.
दोन टायरांसाठी विकलंस मला, असं.
तो जेवण टाकून गॅरेजमध्ये गेला.
तिथे काही दुरुस्त करायचं नव्हतं, तरी
पान्याचा आवाज येत राहिला.

सकाळी टेबलावर तीन पाकिटं, बँकेची, निळी.
बाराशे भागिले तीन.
माझ्यात तीनशे ऐंशीच निघाले.
वर पेन्सिलीने लिहिलेलं: वीस पेट्रोलला घेतले, देतो.
काकाने ब्लेडं आणवली, आणि लॉटरीचं एक तिकीट.
तिकीट लागलं नाही.

आता पुन्हा फेब्रुवारी.
तेच टेबल, नवा फॉर्म.
काकाच्या नावापुढे खूण झाली आहे.
माझ्या नावावर पेन थांबलंय.
बाबा विचारतो, करू का?
एवढंच, दोन शब्द,
आयुष्यात पहिल्यांदा.

बरोबर म्हणजे चूक नसलेलं.
बरोबर म्हणजे सोबतही.
फॉर्मला यातलं एकच कळतं,
आणि बाबाला, मला वाटतं, दुसरंच.

मी अजून उत्तर दिलेलं नाही.
बाबाची कॉफी निवते आहे.
पलीकडच्या खोलीतून काका भिंतीवर
दोनदा ठोकतो.