चारशे मीटर

ऑफिसात मी थांब्याभोवती वर्तुळ काढते,
त्रिज्या चारशे मीटर.
वर्तुळातला प्रत्येकजण, नियमाप्रमाणे,
पाच मिनिटांत बसपाशी पोचतो.
अख्खं मबेला मी असं
एका दुपारी पोचवून टाकलं.

मग बीजू म्हणाला, एकदा चालून तर ये.

ऑगस्ट. अकरालाच कुर्ता पाठीला चिकटलेला.
थांबा समोरच दिसत होता,
हात केला असता तर ड्रायव्हरने पाहिला असता.
मध्ये सहा पदरी रस्ता, त्याआधी जाळीचं कुंपण.
पूल दीड किलोमीटर मागे,
मस्कतच्या बाजूला.

जाळीला भोक होतं, वाकून जाण्याइतकं.
कडांना चिंध्या गुंडाळलेल्या,
कुणाची बाही फाटू नये म्हणून.
"माझ्याच दुकानातल्या," शिंपी सैदलवी म्हणाला.
"महिन्याला येतात, जाळी शिवून जातात.
आम्ही उसवतो."

झुवैना नावाची म्हातारी
दवाखान्याची फाईल काखेत मारून आली.
न विचारता माझा हात धरला.
रस्त्याच्या काठावर आम्ही सात मिनिटं उभ्या,
मी घड्याळ लावलं होतं.
सहाव्या मिनिटाला बस गेली.
ती काही बोलली नाही. हात मात्र
सोडला नाही.

रिपोर्टात त्या जागी मी सिग्नल मागितला.
कारणाच्या रकान्यात लिहिलं:
लोक इथूनच जातात.
साहेबांनी लाल पेनाने विचारलंय, किती?

उद्या मोजायला जायचंय.
छत्री, पाणी, आणि सैदलवीसाठी
घरातल्या जुन्या चादरी.